मुलांनी मागितलेला हिशेब

मुले रस्त्यावर उतरली की वडीलधाऱ्यांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर त्यांची पाठ थोपटावयाची, नाही तर त्यांना दटावून घरी पाठवावयाचे. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे आणि त्यास उत्तर द्यावे, ही तिसरी गोष्ट क्वचितच कोणाला सुचते. हवामानबदलाच्या प्रश्नावर जगभरच्या मुलांनी जी निदर्शने केली त्यांच्या वाट्याला पहिल्या दोन गोष्टी भरपूर आल्या. तिसरी अजून यावयाची आहे. पहिल्या पानावरची ही जागा एरवी आम्ही निवडणुका, युद्धे किंवा एखाद्या थोर पुरुषाचे निधन ह्यांसाठी राखून ठेवतो. आज ती मुलांच्या एका मागणीला देत आहोत. कारण, गर्दी ओसरली म्हणजे मागणीही निकालात निघाली, असा एक सोयीस्कर समज ह्या शहरात रूढ होऊ लागला आहे आणि तो आम्हांस धोक्याचा वाटतो.

ही चळवळ कशी उभी राहिली ते वाचकांना ठाऊकच आहे. २० ऑगस्ट २०१८ रोजी ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी स्टॉकहोममध्ये स्वीडनच्या पार्लमेंटसमोर हाती फलक घेऊन एकटीच बसली. पुढच्याच वर्षी १५ मार्चला जगातील दहा लाखांहून अधिक मुले शाळा सोडून रस्त्यावर आली. सप्टेंबर २०१९ मधील एका सप्ताहात तर आयोजकांच्या गणतीप्रमाणे सत्तर लाखांवर माणसे ह्या निदर्शनांत सामील झाली. आयोजकांची गणती नेहमीच जरा सढळ असते, हे मान्य करूनही हा आकडा लहान ठरत नाही. मग २०२० साली महामारी आली, शाळाच बंद पडल्या, आणि शाळा सोडण्याचे हत्यार मुलांच्या हातून गळून पडले. त्यानंतर निदर्शने झाली, पण तशी गर्दी पुन्हा जमली नाही.

परंतु ह्या मुलांनी मागितले तरी काय? त्यांनी क्रांती मागितली नाही, गादी मागितली नाही. २०१५ साली पॅरिस येथे जगातील राज्यकर्त्यांनी स्वहस्ते एक करार केला. पृथ्वीच्या सरासरी तापमानातील वाढ २ अंशांच्या पुष्कळ खाली ठेवू आणि ती दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करू, असे त्यात लिहून दिले. भारताने त्या करारास अनुसमर्थन दिले ते २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून. मुलांनी तोच कागद आपल्यापुढे धरला आणि विचारले की ह्यावरची सही तुमचीच ना? औद्योगिक युगापूर्वी हवेतील कर्बवायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते. एका वर्षाने करार मोडला असे होत नाही, कारण तो दीर्घ मुदतीच्या सरासरीची भाषा बोलतो, हे खरे. पण सावकाराच्या वहीत व्याज कोणत्या दिशेने चढत आहे हे समजण्यास पदवी लागत नाही.

'शाळा सोडून हे कसले उद्योग? अभ्यास करा!' असा उपदेश तेव्हा फार झाला, आणि तो करणाऱ्यांत आमचे कित्येक सुशिक्षित वाचकही होते. ह्या उपदेशातील गंमत अशी की मुलांनी अभ्यास केला होता, म्हणूनच ती रस्त्यावर आली. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्याप्रमाणे पुस्तके निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या, शिकवण्याही निघाल्या. 'वृक्षतोडीचे दुष्परिणाम लिहा' ह्या प्रश्नाला पाच गुण ठेवणाऱ्या समाजाने, एखादे मूल ते उत्तर खरे मानून झाडाला मिठी मारू लागले, तर चकित का व्हावे? दुसरे असे की, विद्यार्थ्यांनी वर्ग कधीच सोडू नये हा नियम आपण तरी त्रिकालाबाधित कोठे मानला आहे? नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पडला तेव्हा तो शाळकरी मुलगाच होता, आणि त्याच्या स्मारकाला आपण दरवर्षी हार घालतो. त्या बलिदानाशी आजच्या निदर्शनांची तुलना करण्याचा अतिरेक आम्ही करणार नाही. सांगावयाचे ते एवढेच की, कोणत्या प्रसंगी वर्गाबाहेर पडणे हाच अभ्यास ठरतो ह्याचा निर्णय मुलांचे वडील नव्हे, काळ करतो. शिवाय अठरा वर्षे पुरी होईपर्यंत ज्यांना मतच नाही त्यांनी आपले गाऱ्हाणे रस्त्यावर नाही तर कोठे मांडावे?

मुंबईकरांना तर ह्या प्रश्नासाठी स्टॉकहोमला जाण्याचे कारणच नाही. आमच्या दारातच आरे आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ह्या भुयारी मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडे हलविण्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २०१९ च्या ऑगस्टअखेरीस मंजुरी दिली. लोकांनी हरकती घेतल्या, माणसांची साखळी केली, न्यायालयात धाव घेतली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि त्याच रात्री विजेच्या करवतींचा आवाज सुरू झाला. ज्यांनी ती रात्र तेथे काढली ते तरुण काही मेट्रोचे वैरी नव्हते. मेट्रो आली तर मोटारी कमी होतील, धूर कमी होईल, हे त्यांना आपल्याइतकेच कळत होते. त्यांचा वाद जागेशी होता. शहराचे फुप्फुस कापून शहरासाठी श्वास विकत घेण्याचा हा व्यवहार त्यांना उरफाटा वाटत होता. हा युक्तिवाद कोणाला पटो न पटो. पण त्याला उत्तर रात्री दहा वाजता करवतीने द्यावयाचे नसते. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागू झाली आणि २९ जणांना अटक झाली; त्यांत शिकणारी मुलेमुली होती. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा! मध्यमवर्गीय घरात असा गुन्हा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पारपत्र, नोकरी, परदेशी शिक्षण, सगळ्यांवर एकदम सावट. त्या रात्री आरेच्या आसपासच्या कित्येक घरांतून आईबाप जागे राहिले असतील, आणि 'तुला सांगितले होते' हे वाक्य कित्येकदा उच्चारले गेले असेल.

पुढचा भाग आठवून पाहण्यासारखा आहे. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने तेच पत्र याचिका मानून सुट्टीतही ७ ऑक्टोबरला सुनावणी घेतली, तोड थांबविली आणि अटकेतील आंदोलकांना सोडण्यास सांगितले. तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आपट्याची पाने वाटून आम्ही एकमेकांना सोने दिले! पुढे सरकार बदलले, कारशेडला स्थगिती मिळाली, आंदोलकांवरचे खटले मागे घेण्याची घोषणा झाली, कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, तेही न्यायालयात अडले. २०२२ साली सरकार पुन्हा बदलले आणि कारशेड पुन्हा आरेला आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ झाडांबद्दल अर्ज करण्याची मुभा न्यायालयाने दिली होती. कंपनीने त्याहून पुष्कळ अधिक झाडांची परवानगी काढली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तिला दहा लाखांचा दंड केला आणि १७७ झाडे काढू दिली. साऱ्या पक्षांनी मिळून ह्या प्रकरणात जी कोलांटउडी मारली तिच्यात आपली जागा न सोडता उभी राहिली ती फक्त मुले.

ह्याच मातीत अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. आरमाराला लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि घ्यावयाचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन, जीर्ण झालेले झाड घ्यावे, असा त्यातील आशय आहे. आरमाराची गरज मेट्रोहून कमी निकडीची नव्हती. अमात्यांनी गरज नाकारली नाही, रीत सांगितली. ती रीत आज हरवली आहे, आणि मुलांचा राग त्या हरवलेल्या रीतीबद्दल आहे.

ती मेट्रो आता धावते आहे, आणि आम्हीही तिच्यातून प्रवास करतो; ते नाकारण्याचा दांभिकपणा आमच्याने होणार नाही. परंतु २६ मे २०२५ चा दिवस विसरून चालणार नाही. त्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. ११ जून हा त्याचा नेहमीचा दिवस. म्हणजे तो सोळा दिवस आधी आला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आणि त्याच दिवशी ह्याच मार्गावरचे, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेले वरळीचे आचार्य अत्रे चौक स्थानक पाण्याने भरले. अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडविणारी भिंत कोसळली, असा खुलासा झाला. तो खराही असेल. एका दिवसाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. पण भिंतीचे काम पावसाळ्याआधी उरकू म्हणताना मनात जो पावसाळा धरला होता तो आजोबांच्या पंचांगातला होता, हे तर उघडच आहे. मुले नेमके हेच सांगत होती, की पंचांग बदलले आहे.

शासनाने मुलांना जी वागणूक दिली तिचा आणखी एक अध्याय येथे नोंदविला पाहिजे. उत्तराखंडातील रिद्धिमा पांडे हिने वयाच्या नवव्या वर्षी, २०१७ साली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे याचिका केली. जानेवारी २०१९ मध्ये ती निकालात काढण्यात आली. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करणारा कायदा आहेच, त्यात हवामानाचाही विचार होत असणार, असे त्यामागील गृहीत होते. ठीक. पुढच्याच वर्षी केंद्राने त्या मूल्यमापनाच्या नियमांचा नवा मसुदा काढला. त्यात आधी प्रकल्प उभारून मागाहून मंजुरी घेण्याची वाट मोकळी होती आणि लोकांना आपले म्हणणे मांडण्याची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणली होती. हरकती मागविल्या होत्या, म्हणून मुलांनी हरकती पाठविल्या. संगणकाच्या टपालाने मंत्र्यांच्या नावे पत्रांचा ढीग पडला. मग जुलै २०२० मध्ये मुलांच्या संघटनेला दिल्ली पोलिसांची नोटीस गेली आणि तिच्यात दहशतवादविरोधी कायद्याचे कलम होते! ते चुकून पडले, असे म्हणून नोटीस नंतर मागे घेतली गेली. चूक होऊ शकते. पण पत्र लिहिणाऱ्या मुलांच्या बाबतीत हात चुकून नेमक्या त्याच कलमावर का जावा? फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या एका टिपणावरून बंगळूरच्या दिशा रवी ह्या तरुणीवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. दहा दिवसांनी तिला जामीन देताना दिल्लीच्या न्यायाधीशांनी शासनाला सुनावले की, धोरणाशी मतभेद आहे एवढ्यासाठी नागरिकांना गजाआड टाकता येत नाही. ही गोष्ट न्यायाधीशांना सांगावी लागली, ह्यातच सारे आले.

'हे सारे परदेशी खूळ आहे. धूर केला गोऱ्यांनी आणि उपदेश आम्हांला?' हा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यात सत्यांश मोठा आहे. भारतात माणशी कर्बवायूचे वार्षिक उत्सर्जन सुमारे २ टन आहे. अमेरिकेत ते त्याच्या कित्येक पट आहे. दीडशे वर्षे ज्यांनी कोळसा जाळला त्यांनी आधी पैसे मोजावेत, हे भारताचे म्हणणे न्याय्यच आहे. पण ह्या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर ज्यांनी दिले तेही गोरे नव्हते. प्रशांत महासागरात वानुआतू नावाचे एक द्वीपराष्ट्र आहे. त्याची लोकवस्ती आमच्या एखाद्या उपनगराएवढी. तेथे पोर्ट व्हिला येथील विद्यापीठशाखेत कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरविले की हा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावयाचा. कोणीही हसावे अशीच ही कल्पना होती. समुद्र त्यांच्या उंबरठ्याशी आला होता, आणि धूर तर त्यांनी जवळजवळ केलाच नव्हता. त्यांनी आपल्या सरकारचे मन वळविले. त्या सरकारने राष्ट्राराष्ट्रांचे दरवाजे ठोठावले. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ह्या प्रश्नावर न्यायालयाचे मत मागविण्याचा ठराव मतदानाशिवाय, सर्वसंमतीने केला. १३२ देश त्याचे सहप्रस्तावक होते. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली. भारतानेही तेथे बाजू मांडली. श्रीमंत राष्ट्रांच्या जबाबदारीवर बोट ठेवले, आणि विद्यमान करारांपलीकडे नवी बंधने घालू नयेत असे सांगितले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते केवळ करारांपुरते मर्यादित नाही, आणि त्यात कसूर करणे हा आंतरराष्ट्रीय अपराध ठरून भरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. त्याची बजावणी करण्यास कोणी बेलीफ येणार नाही. तरीही सत्तावीस मुलांनी वर्गात आखलेली वाट सहा वर्षांत जगातील सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोहोचली, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या मतामुळे गरीब राष्ट्रांचा भरपाईचा दावा बळकट झाला, ते मत मुलांच्या हट्टातून निघाले. दिल्लीच्या वकिलांनी ह्याबद्दल त्या मुलांचे आभार मानावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

न्यायालयांची भाषा अन्यत्रही बदलू लागली आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तरुणांच्या तक्रारीवर निकाल देऊन सरकारचा हवामान कायदा अंशतः अवैध ठरविला. २०३० पर्यंत चैन करावयाची आणि काटकसरीचा सगळा बोजा त्यापुढच्यांवर ढकलावयाचा, ह्याने तरुणांच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. सरकारने काही महिन्यांतच कायदा सुधारला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत शोधला. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवांचा, ऋषींचा, पितरांचा. ही तिन्ही ऋणे मागे पाहणारी आहेत. पुढे जन्मणाऱ्यांचे ऋण त्या यादीत नव्हते, कारण नातवाच्या वाट्याचा पाऊस आजोबाला खर्चून टाकता येईल अशी कल्पनाच पूर्वजांना शिवली नव्हती.

आता आमच्या वाचकांना दोन शब्द. आरेच्या झाडांसाठी हळहळणारा मध्यमवर्ग तोच, आणि दोन माणसांच्या घरात तिसरी मोटार कोठे उभी करावी ह्या विवंचनेत असणारा तोच. मुलीने फलक रंगविला की त्याचे छायाचित्र नातेवाइकांत फिरवावयाचे, आणि तिने घरातील वातानुकूलन यंत्राबद्दल विचारले की 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' म्हणावयाचे, ही रीत बरी नव्हे. मुलांना कौतुक नको आहे. कौतुक हा उत्तर टाळण्याचा सर्वांत गोड प्रकार आहे, हे त्यांना कळून चुकले आहे.

तेव्हा ह्या शहरापुरते काय करता येईल ते सांगतो. १३ मार्च २०२२ रोजी मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन त्यात आहे. आराखडा अभ्यासपूर्वक केलेला आहे आणि तसा करणारे हे देशातील पहिल्या काही शहरांपैकी एक आहे, ह्याचे श्रेय महापालिकेला दिलेच पाहिजे. दुर्दैव असे की, तो प्रसिद्ध होण्याच्या सहाच दिवस आधी महापालिका सभागृहाची मुदत संपली होती. पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते, आणि त्या वचनाबद्दल प्रशासनाला भर सभेत जाब विचारणारे कोणी उरले नाही. प्रशासकाच्या राज्यात अहवाल निघतात, प्रश्न निघत नाहीत.

आमचे म्हणणे असे आहे की दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी एक दिवस सभागृहात ह्या आराखड्याची झाडाझडती व्हावी. किती बसगाड्या वाढल्या, मिठीच्या काठावर पाणी किती तास तुंबले, उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या वस्त्यांसाठी काय केले, हे आकड्यांनी सांगितले जावे. त्या दिवशी शहरातील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना प्रेक्षकांच्या सज्जात बसवावे आणि त्यांचे प्रश्न आयुक्तांनी लेखी घेऊन लेखी उत्तरे द्यावीत. सुरुवात आरेपासून करावी. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हजारो रोपे लावल्याचे मेट्रो कंपनीने सांगितले आहे. त्यांपैकी किती जगली, हलविलेल्या झाडांपैकी किती उभी आहेत, हे कंपनीच्या कागदावरून नव्हे, जागेवर जाऊन मोजावे. मोजणारांत २०१९ च्या त्या रात्री तेथे उभे असलेल्या, आता कमावत्या झालेल्या तरुणांपैकी काहींना बोलवावे. पावसाळा संपला की उद्यानातील वाटा मोकळ्या होतात. दसऱ्याच्या आधी हे काम सहज उरकेल. मोजणीची तारीख महापालिकेने जाहीर करावी.